वही, बोल्ट आणि सही : एका प्रशिक्षण विमानाची तपासणी

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलेल्या माणसाला आपण विमानांच्या इतिहासातून चाललो आहोत, असे सहसा वाटत नाही. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके आपल्या मनात गर्दीशी, कारखान्यांशी आणि पावसाळ्यात बंद पडणाऱ्या गाड्यांशी जोडलेली आहेत. पण उल्हासनगर मुळात लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या या छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची पायाभरणी झाली. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात. त्याच युद्धकाळात जवळच नेवाळीला धावपट्टी बांधली गेली. जमीन शेतकऱ्यांची होती, आणि तिच्यावरचा वाद पाऊणशे वर्षांनी, २०१७ च्या जूनमध्ये, आंदोलनाच्या रूपाने रस्त्यावर आला. नेवाळीहून आज विमान उडत नाही. अंबरनाथला मात्र ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, आणि समुद्रात व हवेत वापरायच्या धातूंचा, रंगलेपांचा आणि गंजाचा अभ्यास करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा, नेव्हल मटेरिअल्स रिसर्च लॅबोरेटरी, हीही तिथेच आहे.

मी हवाई दलात इंजिनांवर काम केले आणि निवृत्तीनंतर बदलापूरला घर केले. इथे ओळख झालेली माणसे विचारतात ते लढाऊ विमानांबद्दल. माझ्या मते अधिक विचार करायला लावणारे विमान वेगळे आहे. ज्यावर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा उडायला शिकते, ते छोटे, एका पंख्याचे प्रशिक्षण विमान. ते सुरक्षित आहे हे ठरवायचे कसे, कोणी आणि कशाच्या भरवशावर, हा या लेखाचा विषय आहे.

शिकाऊ हातांचे विमान

प्रशिक्षण विमानाचे पहिले वैशिष्ट्य असे, की ते चालवणाऱ्याला विमान कळत नसते. अनुभवी वैमानिकाला इंजिनाच्या आवाजातला फरक ऐकू येतो, चाकांतली थरथर पायाला जाणवते. शिकणाऱ्याला सगळेच आवाज नवे. विमान बिघडले आहे की आपलेच काही चुकते आहे, हा भेद त्याला करता येत नाही. म्हणून जे ज्ञान वैमानिकाकडून अपेक्षित असते, त्याचा काही वाटा इथे जमिनीवरच्या तंत्रज्ञाने उचलायचा असतो.

दुसरे वैशिष्ट्य झिजेचे. प्रवासी विमान एका उड्डाणात एकदा उतरते. शिकाऊ वैमानिक तासाभरात धावपट्टीभोवती फेऱ्या मारत अनेकदा उतरतो, आणि त्यातल्या काही उतरण्या विमान आपटल्यासारख्या असतात. त्याच विमानावर तो पुढे कोलांट्या मारतो, गिरकी घेतो, त्यातून बाहेर पडायला शिकतो. त्यामुळे विमान किती तास उडाले एवढ्या आकड्यावरून त्याचे वय कळत नाही. किती वेळा उतरले, इंजिन किती वेळा सुरू केले आणि गुरुत्वाच्या किती पट ताण पंखांनी सोसला, हेही मोजावे लागते. भाड्याच्या सायकलचे वय आपण महिन्यांत मोजत नाही, किती जणांनी चालवली यात मोजतो, तसेच हे.

या विषयाला आपल्या देशात दुःखाची पार्श्वभूमी आहे. एचपीटी-३२ दीपक हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे पिस्टन इंजिनाचे विमान १९७७ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि पुढे हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. हवेत इंजिन बंद पडण्याच्या घटनांनी ते बदनाम झाले. त्यात इजेक्शन सीट नव्हती. ३१ जुलै २००९ च्या अपघातात दोन प्रशिक्षक गेले आणि त्यानंतर सगळी दीपक विमाने जमिनीवर आणली गेली. तोवर १७ अपघातांत १९ वैमानिक मृत्युमुखी पडले होते. शिकण्याच्या विमानाने शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा जीव घ्यावा, याची बोच त्या विमानांवर काम केलेल्या प्रत्येक तंत्रज्ञाच्या मनात राहते.

पुढे स्वित्झर्लंडची ७५ पिलाटस पीसी-७ मार्क २ विमाने घेण्याचा करार २०१२ मध्ये झाला आणि २०१३ पासून हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या एअर फोर्स अकादमीत त्यांच्यावर प्रशिक्षण सुरू झाले. आता त्यांच्या जोडीला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे स्वतःचे एचटीटी-४० येत आहे. ३१ मे २०१६ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा सुमारे ६,८०० कोटी रुपयांचा करार झाला. मराठी वाचकाला यातली जवळची गोष्ट अशी, की ज्या नाशिकजवळच्या ओझरला १९६४ पासून मिगचा कारखाना आहे, तिथेच ऑक्टोबर २०२५ मध्ये एचटीटी-४० च्या उत्पादनाची दुसरी साखळी सुरू झाली.

जेटच्या पोटात पंखा

पीसी-७ आणि एचटीटी-४० ही दोन्ही टर्बोप्रॉप विमाने आहेत. बाहेरून पंखा दिसतो म्हणून ती जुन्या विमानांसारखी वाटतात, पण आत जेट इंजिन असते. हवा आत ओढली जाते, दाबली जाते, तिच्यात केरोसीनच्या जातीचे इंधन जळते आणि तापलेला वायू टर्बाइनची चक्रे फिरवतो. जेट विमानात तो वायू मागे फेकून धक्का मिळवतात. इथे त्याची बहुतेक शक्ती गिअरच्या पेटीतून पंखा फिरवण्यात खर्च होते. गिअर लागतातच, कारण टर्बाइन मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे घेते आणि पंख्याला दोन हजारांच्या आसपासच फिरता येते. त्याहून जोरात फिरला तर पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाजवळ जातात आणि पंखा ओढण्याऐवजी नुसता ओरडू लागतो.

या दोन विमानांच्या इंजिनांत एक मूलभूत फरक आहे. पीसी-७ मधल्या ७०० अश्वशक्तीच्या पीटी-६ इंजिनात हवा दाबणारे चक्र आणि पंखा फिरवणारे चक्र एकमेकांना जोडलेले नसतात. त्यांच्यामध्ये फक्त वाहता वायू असतो. समोरासमोर दोन टेबल फॅन ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसे. म्हणून उभ्या विमानाचा पंखा हाताने सहज फिरतो. एचटीटी-४० मधल्या ९५० अश्वशक्तीच्या टीपीई-३३१ मध्ये सगळे एकाच दांड्यावर आहे. तिथे पंखा हाताने फिरवला की आतले अख्खे इंजिन फिरते. तपासणाऱ्याच्या हाताला आणि कानाला या दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टी कळतात. एका इंजिनावर घडलेला हात दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही, त्याला नव्याने शिकावे लागते.

टर्बोप्रॉपचा सर्वांत नाजूक क्षण म्हणजे इंजिन सुरू करण्याचा. बॅटरी अशक्त असेल तर चक्र पुरेशा वेगाने फिरण्याआधीच इंधन पेटते. थंड ठेवायला हवा कमी आणि आग मात्र पूर्ण. काही सेकंदांत टर्बाइनची पाती सोसवणार नाही इतकी तापतात. म्हणून इंजिन सुरू करताना डोळा तापमानाच्या आकड्यावर आणि हात इंधन तोडण्याच्या दांड्यावर, हा पहिला धडा. साधी बॅटरी दुर्लक्षिली तर अख्ख्या इंजिनाची दुरुस्ती मागे लागू शकते.

रोजची प्रदक्षिणा

दिवसाची सुरुवात विमानापासून नव्हे, जमिनीपासून होते. तंत्रज्ञांची रांग विमाने उभी राहतात ती फरशी चालत पाहते आणि खडे, तारेचे तुकडे, पडलेले स्क्रू वेचते. फिरता पंखा समोरचा खडा उचलून स्वतःवरच आपटून घेतो.

मग विमानाभोवती फेरी. ती नेहमी एकाच ठिकाणी सुरू होते, एकाच दिशेने जाते आणि सुरू झाली तिथेच संपते. देवळाच्या प्रदक्षिणेसारखीच, आणि कारणही व्यावहारिक आहे: क्रम ठरलेला असला की काय राहिले ते लगेच कळते. मध्येच कोणी हाक मारली, तर उत्तर देऊन पुढे जायचे नाही. दोन-तीन पावले मागे येऊन पुन्हा सुरुवात करायची.

पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवून टवका शोधतात. नखाएवढा टवकाही ताण एका बिंदूवर गोळा करतो आणि तिथून भेग सुरू होते. ठरलेल्या मापापर्यंतचा टवका कानशीने घासून कड गुळगुळीत करतात. मापाबाहेरचा असेल तर पाते काढावे लागते. इंधनाच्या टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरतात. पाणी जड असल्याने खाली बसते आणि त्याचा थर वेगळा दिसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात, अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतली वाफ पाणी होऊन बसते, म्हणून ही तपासणी कधी टळत नाही. पोटाखालची पाणी निथळण्याची छिद्रे मोकळी आहेत का, तेही पाहतात. साचलेले पाणी आतून ॲल्युमिनियम खात राहते आणि बाहेरचा रंग तसाच चकचकीत दिसतो. बदलापूरच्या घरांच्या लोखंडी जाळ्यांवर एका पावसाळ्यात काय होते, हे पाहिलेल्याला गंज समजावून सांगावा लागत नाही.

वेग मोजणारी पिटॉट नळी हे आणखी एक लहानसे पण भयंकर प्रकरण. बोटभर जाडीची ही नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते. विमान उभे असताना तिच्यावर लाल फितीची टोपी घालतात, कारण कुंभारीण माशीला अशी भोके मातीचे घर करायला फार आवडतात. १९९६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ एक प्रवासी विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. वैमानिकाला दिसणारा वेग खोटा होता, आणि उभ्या विमानाच्या झाकण न घातलेल्या नळीत कीटकाने घर केले असावे, हा तपासाचा निष्कर्ष होता. टोपी घालायला विसरणे जितके वाईट, तितकेच उड्डाणाआधी ती काढायला विसरणे. इजेक्शन सीटच्या सुरक्षा पिनांचेही तसेच: जमिनीवर त्या घातलेल्या हव्यात, नाहीतर सीट काम करणाऱ्याचाच जीव घेईल, आणि हवेत त्या काढलेल्या हव्यात, नाहीतर ती कोणाचाच वाचवणार नाही.

न दिसणारे पाहणे

रोजच्या फेरीत दिसते ते पृष्ठभागावरचे. ठरावीक तासांनंतर विमान उघडून करायच्या तपासण्या वेगळ्या. त्यांचे तत्त्व वैद्याच्या नाडीपरीक्षेजवळ जाते: पोट न फाडता पोटातले ओळखायचे.

इंजिनाच्या तेलाच्या वाटेत एक लहान चुंबक बसवलेले असते. गिअर किंवा बेअरिंग झिजू लागले की लोखंडाचे कण त्याला चिकटतात. अतिशय बारीक राळ ही नेहमीची झीज असते. चकचकीत पापुद्रे दिसले तर बेअरिंग फुटू लागले आहे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेतही जातो. त्यात लोह, तांबे, क्रोमियम किती हे मोजले की कुठला भाग झिजतो याचा अंदाज येतो. एकाच नमुन्याच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मागच्या दहा नमुन्यांच्या रांगेत तो कुठे बसतो, यावरून निदान होते. टर्बाइनची पाती पाहायला बोटाएवढ्या भोकातून कॅमेऱ्याची लवचीक नळी आत सरकवतात, जवळजवळ एंडोस्कोपीच. डोळ्याला न दिसणारी भेग शोधायला भागावर रंगीत द्रव लावून पुसून टाकतात. भेगेत शिरलेला द्रव वर पांढरी पूड टाकल्यावर रेघ होऊन उमटतो. भेग आत खोल असेल तर ध्वनिलहरी वापरतात.

आणि काही भाग चांगले असतानाच काढून टाकतात. धातूलाही थकवा असतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, वीस वेळा वाकवली की तुटते. कितव्या वेळी, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रयोगांवरून आयुष्य ठरवून, त्याच्या बरेच आधी तो भाग निवृत्त करतात. बाहेरच्या माणसाला ही उधळपट्टी वाटते. तो भाग वापरत राहिलो असतो तर कदाचित काहीच झाले नसते, हे खरेच. पण तो 'कदाचित' शिकाऊ मुलाच्या जिवावर टाकायचा नाही, असा तो नियम आहे.

उल्हासनगरचा बोल्ट

इथे मला पुन्हा आमच्या परिसराकडे यावे लागते. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. विनोदात हिणवणी असली तरी तिच्याखाली एक मोठी गोष्ट दडलेली आहे. घरदार सोडून बराकीत आलेल्या माणसांनी नमुना हातात धरून वस्तू बनवायला सुरुवात केली आणि शहर उभे केले. वस्तू समोर ठेवा, तिच्यासारखी दुसरी करून देतो, हे कौशल्य खरेच कमी लोकांकडे असते. माझ्या घरातली कित्येक यंत्रे या कौशल्यावर चालू आहेत.

विमानाच्या बाबतीत मात्र हेच कौशल्य धोक्याचे ठरते. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच सतरा हजार फुटांवर निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले आणि कप्तान वाचला. ती काच नुकतीच, रात्रपाळीत बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंचाने कमी होते आणि उरलेले सहा आखूड. बसवणारा नवशिका नव्हता, पाळीचा अनुभवी प्रमुख होता. त्याने जुना बोल्ट हातात धरून डोळ्यांनी जोड जुळवली होती. गंमत अशी, की जुने बोल्टही मुळात आखूडच होते, पण व्यास बरोबर असल्याने ते टिकून होते. म्हणजे नमुना चुकीचा आणि डोळ्याने केलेली जुळणीही चुकीची. सुटे भाग कुठले लावायचे याची यादी मात्र उपलब्ध होती.

दुसरे उदाहरण टर्बोप्रॉपचेच आणि अधिक भीषण. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला जाणारे पार्टनएअर कंपनीचे कॉन्व्हेअर-५८० विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळले आणि आतले सर्व ५५ जण गेले. शेपटीचा उभा भाग जोडणाऱ्या बोल्टांपैकी काही बनावट निघाले. दिसायला तंतोतंत, पण धातू हवा तितका कणखर नव्हता.

म्हणून विमानाचा बोल्ट म्हणजे केवळ धातूचा तुकडा नसतो. तो कुठल्या भट्टीतल्या पोलादाचा, कोणी घडवला, कोणी तपासला, कधी भांडारात आला, हे सांगणारा कागद त्याच्याबरोबर असावा लागतो. कागद हरवला तर चांगला बोल्टही बाद. हे ऐकून आमच्या भागातला कारागीर हसतो, आणि त्याचे हसणे मला समजते. पण हे हसणे थांबण्याचा काळ आला आहे. एचटीटी-४० मध्ये २०२३ साली सुमारे ५६ टक्के भाग देशी होते, ते प्रमाण ६० टक्क्यांच्या वर न्यायचे आहे, आणि शंभराहून अधिक लहान-मध्यम उद्योगांना त्यातून काम मिळेल, असे सरकारने करार मंजूर करताना सांगितले. अंबरनाथच्या आनंदनगर किंवा मोरिवलीच्या एमआयडीसीतल्या लेथवर बसणाऱ्या मुलाच्या हातात असा भाग घडवण्याइतकी सफाई आहे, याबद्दल मला शंका नाही. त्याला जोड हवी आहे ती नोंदीच्या सवयीची: माप घेतले की लिहायचे, आणि माप चुकले तर तेही लिहायचे.

सही म्हणजे काय

प्रत्येक विमानाची एक वही असते. हवाई दलात तिला 'फॉर्म ७००' म्हणतात. काय बिघडले, काय दुरुस्त केले, किती इंधन भरले, हे सारे तिच्यात आणि प्रत्येक ओळीसमोर सही. उड्डाणापूर्वी वैमानिक ती वाचतो आणि विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. विमानाची सुकाणू-यंत्रणा उघडली असेल तर दोन सह्या लागतात, आणि दुसऱ्याने पहिल्याच्या खांद्यावरून न पाहता स्वतंत्रपणे तपासायचे असते. याचे कारण पहिल्यावरचा अविश्वास नाही. आपण केलेले काम आपल्याला बरोबरच दिसते, हा माणसाच्या डोळ्याचा स्वभाव आहे. १९९३ मध्ये कॅनडात गॉर्डन ड्युपाँट यांनी देखभालीतल्या चुकांमागची बारा मानवी कारणे मांडली. थकवा, घाई, गृहीत धरणे, सांगायचे राहून जाणे, बोलायला कचरणे. ती यादी वाचताना लक्षात येते, की तिच्यातले जवळजवळ काहीच विमानापुरते नाही.

पण त्या वहीची खरी कसोटी शिकणाऱ्या मुलापाशी लागते. समजा, तो जोरात आपटून उतरला. चाकांच्या दांड्यांत भेग पडली असेल तर ती बाहेरून दिसणार नाही. उतरल्यावर त्याने वहीत 'हार्ड लँडिंग' लिहिले, तर विमान तपासणीला जाईल, त्याच्या पुढच्या मित्राचे उड्डाण बुडेल आणि त्याच्या गुणपत्रिकेकडे भुवया वर जातील. नाही लिहिले, तर कदाचित काही होणार नाही. आणि कदाचित पुढच्या उतरणीत त्याच्या मित्राच्या पायाखालून चाक जाईल. तेलातले लोखंड मोजणारी, धातूतली भेग दाखवणारी यंत्रे आपल्याकडे आहेत. विशीतल्या मुलाच्या मनातली भीती मोजणारे यंत्र नाही. त्यासाठी एकच उपाय ठाऊक आहे: जो खरे लिहितो त्याला शिक्षा करायची नाही. ज्या प्रशिक्षण केंद्रात हा नियम मनापासून पाळतात, तिथल्या वहीत बिघाडांच्या नोंदी जास्त सापडतात. आकडे पाहून बाहेरचा घाबरतो, जाणता मात्र निश्चिंत होतो. कोरी वही पाहून मात्र जुन्या तंत्रज्ञाला झोप लागत नाही.

४ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणातल्या तूप्रानजवळ पीसी-७ कोसळून प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही गेले. विमान आधुनिक होते, इजेक्शन सीट होत्या. उडणे पूर्णपणे निर्धोक कधीच होणार नाही. जमिनीवरच्या माणसाच्या हाती आहे ती एवढीच गोष्ट, की आपल्या वाट्याची शंका हवेत जाऊ द्यायची नाही. ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडणारी नवी विमाने पुढची काही दशके उडतील, आणि आज बदलापूर-अंबरनाथच्या शाळांत असलेली काही मुले त्यांच्यावर काम करतील. काही घडवतील, काही तपासतील, एखादी उडवेलही. त्यांना शिकवताना आपण पाना धरायला शिकवूच. त्याआधी, जे पाहिले नाही त्यावर सही करायची नाही, एवढे शिकवता आले, तर बाकीचे तंत्र ती मुले सहज आत्मसात करतील.